खळ

कुंडईच्या कारखान्यात, ग्रॅन्युलेशनच्या दोन नंबर खोलीत
फोंडू गावडे एकवीस वर्षं खळ शिजवत आला.

मक्याचा स्टार्च आधी थंड पाण्यात कालवायचा,
दुधासारखा,
मग उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडायचा
आणि हात थांबवायचा नाही.
पांढरं सरून निळसर झालं,
पळीच्या पाठीवर काचेसारखं बसलं,
की झाली.
एवढं सगळं बॅच रेकॉर्डच्या रकान्यात मावत नसे.
मी लिहायचे: पारदर्शक होईपर्यंत.
खाली त्याची सही.
गुठळी राहिली की गोळीवर डाग उमटतो.
त्याच्या खळीत मी गुठळी पाहिली नव्हती.

मार्चमध्ये वरून आकडा आला:
हजार गोळ्यांमागे अकरा रुपये कमी करा.
मी घड्याळ घेऊन बसले.
खळ शिजायला पन्नास मिनिटं, निवायला चाळीस,
भांडं धुवून स्वॅब घेऊन सही मिळेपर्यंत तास,
आणि खळीतलं तेच पाणी
ड्रायरमधून पुन्हा हाकलायला तीन तास.
त्यात इथली हवा,
जिला स्वतःचंच पाणी पेलत नाही.

मग पोती आली,
आधीच शिजवून वाळवलेल्या स्टार्चची.
किलोमागे दुप्पट महाग,
पण औषधाबरोबर कोरडाच घाला, वरून साधं शुद्ध पाणी,
थोडंच,
आणि दुपारच्या जेवणाआधी दाणा तयार.
फोंडूने हातमोज्यातल्या बोटांनी चिमूट चोळून पाहिली.
"शिळी पेज, बाय," म्हणाला.

पहिली बॅच मी मशीनच्या भरवशावर काढली.
अँपिअरचा काटा ठरल्या जागी आला,
मी थांबवलं.
संध्याकाळी काचेच्या ड्रममध्ये शंभर फेऱ्या,
वीसपैकी सात गोळ्यांच्या टोप्या उडालेल्या.
सात पांढरी बोडकी डोकी.
कुणी काही बोललं नाही.
क्यूएच्या शर्मिला खांडेपारकरने फक्त पेनाचं टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा होता.
आत हात घातला, मूठभर ओला दाणा आवळला,
अंगठ्याने दाबला.
गोळा मोडला नाही, विस्कटला.
"उदक उणें."
किती?
"दोन तांबे."
मी मोजून घातलं, दोन लिटर सातशे,
आणि तेवढंच लिहिलं.
तांबे लिहिले नाहीत.

यानंतरच्या तिन्ही बॅचेस सुटल्या.
सदतीस अंशांच्या पाण्यात गोळी
पूर्वी सात मिनिटांनी फुटायची, आता चार.
हेच तर स्टार्चकडून हवं असतं:
हातात, डबीत, ट्रकमध्ये, खिशात घट्ट धरून ठेवायचं,
आणि पोटात पोचल्यावर
हट्ट न करता सुटायचं.

हिशोब अकराच्या पुढे गेला, साडेबारावर.
म्हार्दोळच्या फार्मसीत मी पट्टी उलटून पाहिली.
किंमत तीच होती.

फोंडूला ब्लिस्टरवर दिलं.
रिकामा कप्पा दिसला की बटण दाबायचं.
बसून काम, असं सगळे त्याला सांगत.
तो हो म्हणे.
खळीच्या भांड्याला लाल चिठ्ठी लागली
आणि ते शेडमागे, पाइपांच्या ढिगात गेलं.

ऑक्टोबरमध्ये त्याने एकच गोष्ट मागितली.
मी गेटपासवर लिहिलं: भंगार, स्टील, एक नग.
कारण, वैयक्तिक वापर.

दिवाळीच्या आदल्या रात्री बसमधून उतरले
तर वाड्यावर नरकासुर उभा होत होता,
बांबू, गवत, जुनी वर्तमानपत्रं,
एक डोळा अजून लागायचा होता.
बाजूला तीन दगडांवर आमचं भांडं,
काठावर उपकरण क्रमांक अजून वाचता येत होता.
मैदा ढवळायला पोरगा होता, बारा-तेरा वर्षांचा,
लक्ष सगळं स्पीकरकडे.
फोंडू त्याला हात थांबवू देत नव्हता.

मी सवयीने पळी उलटी धरून पाहिली.
पाठीवर मधोमध एक गुठळी होती, वाटाण्याएवढी.
मी त्याच्याकडे पाहिलं.
त्याने ती अंगठ्याने चेपली,
कागदाच्या छातीवर सारवली.
"राक्षसाक चलता."